सरकारी सत्तेस प्रश्न विचारावा काय?

हा प्रश्न माझ्या मनांत घोळण्यास एक जुनी गोष्ट कारण झाली आहे. ती प्रथम सांगणें भाग आहे, कारण ती सांगितल्यावांचून पुढील विवेचन करण्याचा मला अधिकार पोहोंचत नाहीं.

सुमारें चाळीस वर्षांपूर्वीं मी एका लहान खेड्यांत शाळामास्तर होतों, व रविवारीं मंडळीची उपासनाही चालवीत असें. उपासनामंदिरांत वीज नव्हती. मंडळीनें वर्गणी करून घेतलेली एक गॅसबत्ती होती. एका सोमवारीं ती जागेवर नाहीं असें दिसून आलें. त्याच आठवड्यांत गांवाबाहेर ओढ्याच्या कांठीं पारध्यांचीं चार पालें पडलीं होतीं. पुढें काय झालें असेल तें खेड्यांतील वाचकांस सांगावयास नकोच. दुपारपर्यंत ठाण्यावरून एक जमादार व दोन शिपाई आले, आणि पालांतून सोळा-सतरा वर्षांचा एक मुलगा धरून घेऊन गेले. त्याच्याजवळ बत्ती सांपडली नाहीं. पालांतही सांपडली नाहीं. तरी पंचनामा झाला. लिहितांवाचतां येणारा मनुष्य म्हणून पंच मीच. जमादारांनीं कागद पुढें केला, बोट ठेवून जागा दाखविली, आणि मीं सही केली. त्या कागदांत झडतीचें वर्णन होतें, आणि ती झडती मीं पाहिलेली नव्हती.

बत्ती बुधवारीं सांपडली. मंडळीच्याच एका वडिलांनीं ती साखरपुड्यासाठीं शेजारच्या वस्तीवर नेली होती, आणि कोणास सांगावयाचें राहून गेलें होतें. आम्हां सर्वांस लाज वाटली. पण ठाण्यावर जाऊन तसें सांगण्यास कोणी निघेना, कारण मंडळीचें हंसें होईल अशी धास्ती. शेवटीं शुक्रवारीं मी गेलों. मुलगा सुटला. त्याच्या तळपायांकडे माझी दृष्टि गेली व मीं ती लागलीच दुसरीकडे वळविली. त्याची आई बाहेर धुळींत बसली होती. तिनें मला एकच विचारलें : "मास्तर, तुमी बघितलं व्हतं का?" शनिवारीं सकाळीं पालें उठलीं.

ह्या गोष्टींत शिपायांस दोष देणें सोपें आहे. परंतु ओढ्याकांठचा रस्ता त्यांस कोणी दाखवावा लागला नाहीं, आणि आमच्यापैकींही कोणी "तिकडेच कां?" असें विचारलें नाहीं. तो रस्ता फार वर्षांपूर्वीं सरकारी कागदावर आंखला गेला होता, व त्यावरून चालण्याची संवय सरकारास जितकी लागली होती तितकीच गांवासही लागली होती. तो कागद कोणता, हें आपण पाहूं.

इ. स. १८७१ सालीं हिंदुस्थान सरकारनें सत्ताविसावा ॲक्ट मंजूर केला. तोच गुन्हेगार जमातींचा कायदा. प्रथम तो वायव्य प्रांत, अयोध्या व पंजाब येथें लागू झाला. १९११ सालच्या नव्या ॲक्टानें तो सर्व ब्रिटिश हिंदुस्थानांत लागू करण्याची सोय झाली. १९२४ सालीं त्याची पुन्हां एकवार जुळणी झाली. त्याची रीत अशी असे. सरकारनें एखादी जमात 'गुन्हेगार' म्हणून जाहीर केली कीं तींतील माणसांचीं नांवें दप्तरांत चढत. नांव चढलेल्यास ठरल्या वेळीं हजेरी द्यावी लागे. परवान्यावांचून हद्दीबाहेर पाऊल टाकतां येत नसे. टाकलें तर वॉरंटावांचून पकडतां येई. कोण आला, कोण गेला, कोण रात्रीं जागेवर नव्हता, ह्याची वर्दी देण्याचें ओझें गांवच्या पाटलावर व जागल्यावर होतें. १९११ नंतर बोटांचे ठसे आले, वसाहती आल्या, आणि मुलांस आईबापांपासून वेगळें काढून निराळ्या शाळांत ठेवण्याचा अधिकारही सरकारास मिळाला. मुंबई इलाख्यांत पारधी, कैकाडी, भामटे, कंजारभाट, छप्परबंद अशा कित्येक जमाती ह्या जाळ्यांत आल्या.

ह्यांत सर्वांत लक्षांत ठेवण्यासारखी गोष्ट हजेरी नव्हे, परवानाही नव्हे. कायद्यांतच असें लिहिलें होतें कीं, जमातीस गुन्हेगार ठरविणाऱ्या जाहीरनाम्याच्या योग्यायोग्यतेचा विचार कोणत्याही न्यायालयानें करावयाचा नाहीं. जाहीरनामा निघाला एवढाच त्याचा पुरावा. म्हणजे आरोप सरकारचा, निर्णय सरकारचा, आणि त्यावर दाद मागण्याचें दार आधींच चुन्यानें लिंपून टाकलेलें. कायदा करणाऱ्यांचें तर्कशास्त्र असें होतें कीं, ह्या देशांत सुताराचा मुलगा सुतार होतो, विणकराचा मुलगा विणकर होतो, तेव्हां चोराचा मुलगाही चोरच व्हावयाचा. आपल्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या आजापणजांनीं हें तर्कशास्त्र दुसऱ्या मुखांतून ऐकलें होतें. जन्मावरून मनुष्याची किंमत ठरविणें हें गांवकीचें जुनें काम. सरकारनें त्यावर आपला शिक्का उठविला एवढेंच.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. एखाद्या शेजाऱ्याच्या मुलास मीं माझ्या घरांत चार दिवस कोंडून ठेवलें व त्याचे तळपाय सोलले, तर तो अपराध आहे ह्याविषयीं कोणास शंका नाहीं. तेंच कृत्य खाकी कपड्यांतील मनुष्यानें केलें म्हणजे तें अपराध न राहतां कर्तव्य कसें होतें? कापडांत तर कांहीं पुण्य नाहीं. उत्तर एकच संभवतें : समाजानें कायद्याच्या द्वारें त्यास एक विशिष्ट काम, विशिष्ट मर्यादेंत करण्यास नेमलें आहे. मर्यादेच्या आंत तो समाजाचा हात आहे. मर्यादेबाहेर पाऊल पडलें कीं त्याच क्षणीं तो तुमच्या-माझ्यासारखा एक मनुष्य, आणि त्याचें कृत्य तुमच्या-माझ्या कृत्यासारखेंच तोललें जावयास पाहिजे. म्हणून "हें कोणत्या कायद्यानें?" असें विचारणें हा सत्तेचा अपमान नव्हे. ज्या सत्तेस खरोखर कायद्याचा आधार आहे तिला त्या प्रश्नाचें भय वाटण्याचें कारण नाहीं. भय वाटतें तें आधार नसलेल्या सत्तेस.

परंतु १८७१ चा कायदा आपणांस ह्याहून एक पायरी खालीं उतरावयास लावितो. तेथें शिपाई मर्यादेच्या आंतच होता. त्याच्या हातीं कायदा होता, छापलेला होता, सहीशिक्क्याचा होता. मग तेथें प्रश्न कोणास विचारावा? माझ्या मतें तो कायद्यासच विचारला पाहिजे, व त्याची एक साधी कसोटी आहे. चोरी करूं नको, असें कायदा म्हणतो, तेव्हां चोरी न करून मनुष्यास निर्दोष राहतां येतें. ह्या कायद्याखालीं निर्दोष राहण्याचा मार्गच नव्हता. पारध्याच्या पोरानें जन्मांत कोणाच्या शेतांतील कणीसही मोडलें नसलें तरी नांव दप्तरांतच राहणार, कारण त्याचा गुन्हा म्हणजे त्याचें जन्मणें. ज्या आज्ञेचें पालन करून कोणी निरपराध ठरूं शकत नाहीं तिला कायदा हें नांव कसें द्यावें?

येथें दोन इंग्रज ग्रंथकारांची हकीकत सांगण्यासारखी आहे. जॉन स्टुअर्ट मिल ह्यांनीं १८५९ सालीं 'ऑन लिबर्टी' हा निबंध प्रसिद्ध केला. त्यांतील मुख्य सिद्धान्त असा कीं, एका मनुष्यावर समाजानें बळजबरी करावयाची ती त्यास दुसऱ्याची हानि करण्यापासून परावृत्त करण्यापुरतीच; त्याचें स्वतःचें कल्याण व्हावें एवढें कारण त्यास पुरेसें नाहीं. ह्या पक्षास व्यक्तिस्वातंत्र्यवादी म्हणतात. मिल व हर्बर्ट स्पेन्सर ह्यांच्या विचारांची ओळख महाराष्ट्रास करून देणाऱ्यांत गोपाळ गणेश आगरकर प्रमुख होते, आणि १८८२ सालीं कोल्हापूर प्रकरणीं डोंगरीच्या तुरुंगांत एकशें एक दिवस काढल्यामुळें सरकारी कुलूप आंतून कसें दिसतें हेंही त्यांस ठाऊक होतें. दुसरे ग्रंथकार जेम्स फिट्झजेम्स स्टीफन. हे १८६९ पासून १८७२ पर्यंत गव्हर्नर-जनरलांच्या कौन्सिलांत कायदेविषयक सभासद होते. म्हणजे गुन्हेगार जमातींचा कायदा झाला तो त्यांच्याच कारकीर्दींत. मायदेशीं परततांना बोटीवरच त्यांनीं मिल ह्यांच्या खंडनास आरंभ केला, व तें १८७३ सालीं ग्रंथरूपानें बाहेर आलें. लोकांस सद्गुणी करण्याकरितां सत्तेनें जबरदस्ती करण्यास हरकत नाहीं, असा त्यांचा पक्ष होता.

ह्यांत एक चमत्कार आहे. ह्याच स्टीफनसाहेबांनीं १८७२ सालचा पुराव्याचा कायदा रचला, आणि त्याच्या पंचविसाव्या कलमांत असें ठरलें कीं, पोलीस अधिकाऱ्यापाशीं दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून घ्यावयाचा नाहीं. कां? कारण कबुली कशी काढली जाते हें सरकारास चांगलें माहीत होतें. मद्रास इलाख्यांत १८५४ सालीं नेमलेल्या कमिशननें पुढील वर्षीं अहवाल देऊन, वसुलीचे कामगार व पोलीस लोकांस यातना देतात हें उघड केलें होतें. तेव्हां एका आरोपीच्या एका शब्दापुरता पोलिसांवर विश्वास नाहीं. पण एका सबंध जमातीच्या लेंकराबाळांचें येणेंजाणें, निजणेंउठणें त्याच पोलिसांच्या स्वाधीन करावयास हरकत नाहीं! एक कायदा १८७१ चा, दुसरा १८७२ चा. ज्यास अविश्वासाचें कारण कळलें होतें त्यानेंच वर्षभर आधीं तें विसरावें, ह्याचा उलगडा मला एकच दिसतो. कोर्टांत उभा राहणारा आरोपी हा त्यांस मनुष्य दिसत होता. पालांतील माणसें त्यांस एक ढीग दिसत होतीं.

मिल ह्यांच्या पक्षाचा मी असलों तरी त्यांसही सोडून देतां येत नाहीं. त्यांनीं लंडनांत ईस्ट इंडिया कंपनीच्या कचेरींत पस्तीस वर्षें नोकरी केली, व स्वातंत्र्याचा आपला सिद्धान्त मागासलेल्या समाजांस लागू नाहीं असें त्याच निबंधांत लिहून ठेवलें. मागासलेला कोण हें ठरविणार कोण, हा प्रश्न त्यांनीं तसाच टाकला, आणि स्टीफनसारख्यांनीं त्याच फटींतून गाडी हांकली. स्वातंत्र्य ज्यास शोभेल त्यासच द्यावें असें एकदां म्हटलें, म्हणजे तें कोणासच उरत नाहीं; शोभा ठरविणाऱ्याची तेवढी चंगळ होते.

आतां जें लिहावयाचें आहे तें लिहितांना हात अडखळतो, पण आपल्या घराचें आहे म्हणून वगळणें बरें नव्हे. सरकारनें वसाहती काढल्या तेव्हां त्या चालविण्यास माणसें पाहिजे होतीं. तीं मिशनांनीं पुरविलीं. उत्तर हिंदुस्थानांत १९०८ सालापासून मुक्तिफौजेनें हें काम पत्करलें. आपल्या बाजूस सोलापूर येथील वसाहतीची व्यवस्था कांहीं काळ अमेरिकन मराठी मिशनकडे होती. सोलापुरांत त्या भागास अद्यापि लोक 'सेटलमेंट' म्हणतात. भोंवतीं तारेचें कुंपण, फाटकावर हजेरी, आणि आंतील माणसांस गिरण्यांत काम. हें काम ज्यांनीं केलें ते दुष्ट होते असें मी म्हणत नाहीं. तेथें शाळा होत्या, औषध होतें, हातास काम होतें. कित्येक मुलांनीं पाटी प्रथम तेथेंच पाहिली. गांवोगांव हाकललें जाण्यापेक्षां एका जागीं निवारा बरा, असें त्या चालकांस वाटलें असेल, आणि पुष्कळांचीं तीं मनें निर्मळ होतीं ह्याविषयीं मला संशय नाहीं.

पण फाटकाची किल्ली कोणाच्या कनवटीस होती? ज्या हातानें मुलास अक्षर शिकवावयाचें त्याच हातानें संध्याकाळीं त्याच्या बापाचें नांव पुकारावयाचें, आणि तो नसला तर ठाण्यास कळवावयाचें. गुरु आणि पहारेकरी हीं दोन्हीं कामें एका मनुष्यानें करतां येतात काय? जुलमी सत्तेस निदान लाज असते; रात्र झाली कीं ती थकते. कल्याण करावयास निघालेली सत्ता थकत नाहीं, आणि तिला हद्दही सांपडत नाहीं. बापास सुधारावयाचें म्हणून त्यास कुंपणांत ठेवावें. मुलास बापाची संवय लागूं नये म्हणून त्यास बापापासून काढावें. आई रडली तर ती अजाण म्हणून तिची समजूत घालावी. प्रत्येक पायरीस हेतु चांगलाच. स्टीफनसाहेबांचा ग्रंथ आमच्या वडीलधाऱ्यांपैकीं किती जणांनीं वाचला असेल कोण जाणे. पण न वाचतांच त्यांनीं त्याचा पक्ष घेतला होता.

कोणी वाचक म्हणेल, "अधिकाऱ्यांच्या अधीन राहावें असें प्रेषित पौलानें रोम येथील मंडळीस लिहिलें आहे, त्याची वाट काय?" हा आक्षेप खरा आहे, व तो टाळावयाचा नाहीं. पण लिहिणाऱ्याचें वर्तन हीच त्याच्या लिहिण्याची उत्तम टीका होय. फिलिप्पै येथें त्यास चौकशीवांचून फटके मारून तुरुंगांत टाकलें. दुसऱ्या दिवशीं सकाळीं अधिकाऱ्यांनीं चोपदार पाठवून गुपचूप सोडून देण्याचा हुकूम केला. पौल गुपचूप जाईना. उघड मारलें, आतां आम्हांस चोरून घालवितां काय, ज्यांनीं टाकलें त्यांनींच येऊन बाहेर काढावें, असें त्यानें कळविलें, आणि त्यांस यावें लागलें. पुढें यरुशलेमांत, रोमकरांस तें पत्र लिहिल्यानंतर, त्यास फटक्यांसाठीं बांधीत असतां त्यानें जवळच्या शताधिपतीस कायद्याचा एक प्रश्न विचारला, आणि चाबूक जागच्या जागीं थांबला. तेव्हां अधीनता आणि प्रश्न ह्यांचा विरोध त्यास वाटत नव्हता एवढें दिसतें.

ह्या कथेंत मात्र एक कांटा आहे, तो आपण बहुधा काढून ठेवतों. चाबूक थांबला तो पौल निर्दोष होता म्हणून नव्हे, तर तो जन्मानें रोमी नागरिक होता म्हणून. त्याच्या जागीं गालीलांतील एखादा कोळी असता तर प्रश्न पुरा होण्याच्या आंतच फटका बसला असता. एकास जन्मानें ढाल मिळाली. पारध्यास जन्मानें डाग मिळाला. स्वातंत्र्याचा खरा अर्थ असा कीं, हा प्रश्न विचारण्यासाठीं कोणास आपला जन्म सांगावा लागूं नये.

दुसरा आक्षेप खेड्यांतील कष्टाळू मनुष्याचा आहे, व माझ्या दृष्टीनें तो अधिक वजनदार आहे. ज्याच्या घराची भिंत फोडून वर्षाचें धान्य नेलें, ज्याच्या गोठ्यांतून बैल गेला, त्यास हें सारें विवेचन पोटभरल्या माणसाचें वाटेल. चोऱ्या होत होत्या, दरोडे पडत होते, आणि कधीं कधीं ते ह्या जमातींतील माणसांनींही घातले, हें नाकारणें खोटेपणा होईल. रानांत शिकार करावयास बंदी, चराऊ जमिनीस कुंपण, रेल्वेनें बैलांच्या पाठीवरील व्यापार बुडविला, आणि मग भुकेल्या हातांनीं जें केलें तें केलें. परंतु भूक हें कारण झालें तरी चोरीची शिक्षा नको असें मी म्हणणार नाहीं. ज्यानें चोरी केली त्यास धरावें, पुरावा मांडावा, शिक्षा द्यावी. ज्यानें केली नाहीं त्याच्या अंगास हात लावूं नये. शेतकऱ्याचा बैल परत मिळण्यास मनुष्य खरा सांपडावा लागतो. जवळचा सांपडून चालत नाहीं. आमची बत्ती पारध्याच्या पोरास चार दिवस कोंडल्यानें परत आली नाहीं.

व्यक्तिस्वातंत्र्यवाद्यांपैकीं कांहीं लोक ह्याच्याही पुढें जाऊन म्हणतात कीं, सरकार व पोलीस मुळींच नसावे. माणसें आपसांत करार करून राहतील. ह्या मताशीं मी सहमत होऊं शकत नाहीं, आणि माझे वाचकही होणार नाहींत. पोलीस नसलेलें खेडें कसें असतें हें आपल्या वाडवडिलांनीं पाहिलें आहे. तेथें सत्ता नाहींशी होत नाहीं. ती चावडीवरून वाड्यांत जाते. पाणवठा बंद, दुकान बंद, वाट बंद, अशा बहिष्कारापुढें दुबळ्या घरास शेवटीं फौजदारच आठवतो. महाराष्ट्राच्या विधिमंडळानें सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ सालीं स्वतंत्र कायदा मंजूर केला, म्हणजे तें दुखणें गेलें नव्हतें हें उघड आहे. तेव्हां आपली स्थिति अशी कीं, ज्या काठीची भीति तीच काठी कधीं कधीं आधारास पाहिजे. हें दुःखाचें आहे, पण खरें आहे. म्हणूनच ती काठी कोणाच्या हातीं आहे, किती लांब आहे आणि तिचा हिशेब कोण घेतो, हें पाहणें आपणांस पोटभरल्या माणसाहून अधिक अगत्याचें आहे.

मुंबई इलाख्यांत तो कायदा १९४९ सालीं गेला, आणि ता. ३१ ऑगस्ट १९५२ रोजीं सर्व देशांतून गेला. विमुक्त जमातींचे लोक तो दिवस पाळतात. परंतु जमातीच्या नांवाचा कायदा गेला आणि 'सराईत गुन्हेगार' ह्या नांवाचा आला. मुंबई राज्यानें तसा कायदा १९५९ सालीं केला. त्यांत जन्माचें नांव नाहीं, व्यक्तीच्या पूर्वींच्या शिक्षांचें आहे, हा भेद लहान नव्हे. पण दप्तर तेंच, ठाणें तेंच, आणि शिपायाची नजर बापाकडून लेंकाकडे आलेली. तुरुंगांच्या नियमपुस्तकांत तर जात व जमात पाहून कामें वांटण्याचे नियम राहिलेच होते. ते सर्वोच्च न्यायालयानें ता. ३ ऑक्टोबर २०२४ रोजीं रद्द केले, व विमुक्त जमातींच्या माणसांस मन मानेल तसें पकडूं नये असेंही पोलिसांस बजावलें. म्हणजे कायदा जाऊन बहात्तर वर्षें झालीं तरी तें बजावावें लागलें. आंतून त्या जिण्याची ओळख करून घ्यावयाची असल्यास लक्ष्मण गायकवाड ह्यांचें 'उचल्या' हें आत्मकथन, जें १९८७ सालीं निघालें, तें वाचावें. आपल्या वाचनालयांत धर्मपुस्तकांच्या शेजारीं तें ठेवण्यास मला कांहीं अडचण दिसत नाहीं.

मंडळींतील उपदेशक व शाळामास्तर ह्यांस एक व्यावहारिक गोष्ट सांगणें अवश्य आहे, कारण खेड्यांत पोलिसांची पहिली हांक त्यांनाच येते. राज्यघटनेच्या बाविसाव्या कलमाप्रमाणें पकडलेल्या मनुष्यास कारण सांगितलें पाहिजे, वकिलाचा सल्ला घेऊं दिला पाहिजे, व प्रवासाचा वेळ वगळून चोवीस तासांचे आंत मॅजिस्ट्रेटापुढें उभें केलें पाहिजे. सोमवारपासून शुक्रवारपर्यंत त्या मुलास ठेवलें हें बेकायदेशीर होतें. मला तें ठाऊक नव्हतें. ज्यांनीं ठेवलें त्यांस ठाऊक होतें. १९९६ सालच्या डिसेंबरांत सर्वोच्च न्यायालयानें डी. के. बसू ह्यांच्या खटल्यांत असें ठरविलें कीं, अटकेच्या वेळीं टांचण तयार करावें व त्यावर घरच्या माणसाची किंवा त्या जागेंतील एखाद्या प्रतिष्ठित मनुष्याची साक्ष असावी, आणि आप्तास खबर द्यावी. झडतीस दोन स्वतंत्र व प्रतिष्ठित पंच लागतात, हा नियम जुनाच आहे, ता. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेंत तो कायम असून, झडतीचें ध्वनिचित्रमुद्रण करण्याची आज्ञा त्यांत नवी आहे. पोलिसांपुढील कबुलीविषयींचा तो १८७२ चा नियमही नव्या साक्ष अधिनियमांत तेविसाव्या कलमांत टिकून आहे.

हे नियम कागदावर आहेत, आणि कागद कोणाच्या तरी सहीनेंच जिवंत होतो किंवा मरतो. पंच कशासाठीं? कायद्यानें पोलिसांच्या शब्दावर पूर्ण भरंवसा ठेवला नाहीं, म्हणून त्यानें गांवांतील दोन डोळे मागितले. पंचानें न पाहतां सही केली, तर कायद्यानें मोठ्या संशयानें बांधलेली भिंत तो एका रेघेनें पाडतो. सत्ता मोठी झाली, माजली, अशी तक्रार आपण करतों. पण माझ्या पाहण्यांत ती बहुधा अशाच सह्यांवर चढत गेली आहे. त्या दिवशीं जमादारांनीं मला धमकी दिली नव्हती. उन्हाचें बसावयास चटई दिली होती, आणि "मास्तर" म्हणून हांक मारली होती.

ह्या गोष्टीस तीन-चार वर्षें लोटल्यावर मला पुन्हां पंच म्हणून बोलावणें आलें. दुसरें गांव, दुसरे जमादार; चोरी विहिरीवरील इंजिनाच्या पट्ट्याची होती. कागद आधींच लिहून तयार होता. मीं तो वाचावयास मागितला. वाचून झाल्यावर, झडती झाली ती जागा दाखवा, मग सही करतों, असें म्हटलें. जमादार रागावले नाहींत. त्यांनीं कागद घडी करून खिशांत घातला, मला चहा पाजला, आणि दुसरा पंच पाहावयास सांगितलें. तो पाव तासाच्या आंत मिळाला. तो आमच्याच मंडळीचा होता.